आधी बोडी, मग बोटुकली



मागच्या बैठकीत ग्रामसंघाकडे आलेले कर्जाचे अर्ज वाचून दाखवले, तेव्हा तीन गटांनी कारणाच्या रकान्यात एकच गोष्ट लिहिलेली निघाली : घरामागच्या बोडीत मासळी. ऐकून बरं वाटलं. आपल्या झाडीपट्टीत दर दहा घरांमागे एखादी बोडी असतेच. ती धानाला पाणी द्यायला खोदलेली असते आणि आता बेशरमाने भरलेली असते. पण तिन्ही अर्जांत खर्चाची पहिली ओळ मत्स्यबीजाची होती, आणि दुसरी जाळ्याची. बोडी साफ करायचा खर्च एकीनेही लिहिला नव्हता. चुन्याचा नाही, पाळीच्या डागडुजीचा नाही.

हीच चूक आमच्या गटाने केली आहे आणि तिचे हप्ते आम्ही फेडले आहेत. म्हणून हा लेख.

आमच्या गटातल्या एका ताईच्या घरामागे पाच गुंठ्यांची बोडी आहे. तिच्या सासऱ्यांच्या वेळेस त्यात कमरेच्या वर पाणी राहायचं. पुढे बोअर झाली, बोडीकडे कोणी बघेना. काठाने बेशरम वाढली, वरून चिंचेचा पाला पडत गेला, घरातला केरही त्यातच. आम्ही बायांनी जुलै महिन्यात गटातून कर्ज उचललं, मोटरसायकलवर डबे घेऊन येणाऱ्या बीजवाल्याकडून तांदळाच्या दाण्याएवढं बारीक बी घेतलं आणि नारळ फोडून बोडीत सोडलं. दिवाळीनंतर जाळं टाकलं. रोहू निघाले दोन. कतला एकही नाही. मरळ मात्र अकरा किलो, एकेक हाताएवढी, चकचकीत! आमचं सगळं बी खाऊन ती तशी झाली होती.

त्या दिवशी मरळीचा रस्सा सगळ्यांनी खाल्ला, हसलोही. पण कर्ज रोहूच्या नावावर होतं. आणि बीजवाल्याने आम्हाला फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याने बी दिलं, आम्ही ते कुठे सोडलं हे त्याला काय माहीत?

बोडी बिघडते म्हणजे काय होतं

पाणी दिसतंय म्हणजे बोडी चांगली, असं नसतं. तुमच्या बोडीत एक लांब काठी घेऊन जा आणि तळाच्या चिखलात खुपसा. बुडबुडे वर आले आणि सडक्या अंड्यासारखा वास आला, तर समजा की खाली वर्षानुवर्षांचा पाला सडतो आहे. हा सडवा पाण्यातली हवा खाऊन टाकतो. मासाही पाण्यात विरघळलेल्या त्याच हवेवर जगतो. दिवसा ऊन असतं तेव्हा पाण्यातलं हिरवं शेवाळ हवा तयार करतं, पण रात्री तेच शेवाळ हवा वापरतं. म्हणून पहाटेला पाण्यातली हवा सगळ्यात कमी असते. बेशरम आणि जलपर्णीने वरून सावली केलेली असेल तर दिवसाही हवा तयार होत नाही. अशा पाण्यात रोहू-कतला गुदमरतात.

मरळ, मागूर, शिंगी गुदमरत नाहीत. त्यांना पाण्याबाहेर तोंड काढून वरची हवा घेता येते. म्हणूनच पडीक बोडीत तीच उरतात, आणि उरतात म्हणून तुमचं बी खातात. आमच्या अकरा किलोंचं कोडं एवढंच होतं.

तेव्हा बी घेण्याच्या आधी दोन महिने काम आहे. हे काम चैत्र-वैशाखात करायचं, पाणी आटलेलं असतं तेव्हा. मृग लागल्यावर जो गट फावडं शोधतो, त्याचं ते वर्ष गेलं समजा.

त्याच्याही आधी कागद

ही गोष्ट कोणी मासळीच्या पुस्तकात लिहीत नाही, म्हणून मी इथे जरा लांबवते.

बोडी कोणाच्या नावावर आहे? सातबारा काढून बघा. बहुतेक वेळा सासऱ्याच्या, दिराच्या किंवा चार भावांच्या सामाईक नावावर निघेल. गटातल्या ताईने म्हटलं, "आमचीच आहे, करा तुम्ही," तर तिचं मन मोठं आहे, पण कागद तिच्या हातात नाही. बोडीत बेशरम असते तोवर ती कोणालाच नको असते. पाळ बांधली, पाणी निवळलं, रोहू पाण्यावर उडी मारू लागला की चारही भावांना बोडी आठवते. एका गटाने दोन उन्हाळे गाळ काढला आणि तिसऱ्या वर्षी घरधन्याने जाळं स्वतःच टाकलं, असं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या बायांकडे दाखवायला एक चिठोरं नव्हतं.

म्हणून कुदळ मारायच्या आधी मुद्रांक कागदावर करारनामा करा. निदान पाच वर्षांचा, कारण पहिल्या वर्षीचा खर्च पहिल्या वर्षात निघत नाही. त्यात जेवढी नावं सातबाऱ्यावर आहेत तेवढ्यांच्या सह्या घ्या, घरातल्या बाईचीही घ्या. घरमालकाचा वाटा पैशात की मासळीत, किती, ते लिहा. जनावरं पाणी पिणार का ते लिहा. आणि सगळ्यात भांडणाचं कलम म्हणजे धानाचं पाणी. आश्विनात धान लोंबीवर येतो, पाऊस उघडीप देतो, आणि मालक बोडीची मोरी उघडतो. त्याचंही चूक नाही, बोडी त्यासाठीच खोदलेली आहे. पण त्याच वेळी तुमचा मासा निम्मा वाढलेला असतो. "तीन फूट पाणी राहील तिथवरच मोरी उघडायची" हे एक वाक्य करारात असू द्या, आणि तीन फुटांची खूण म्हणून एक बांबू रंग लावून बोडीत रोवा. बांबू सगळ्यांना दिसतो, त्यामुळे वाद कमी होतो.

दोन साक्षीदार घ्या. एक प्रत गटाच्या दप्तरात, एक ग्रामसंघात.

बोडी गावची, म्हणजे ग्रामपंचायतीची किंवा माजी मालगुजारी तलावाच्या हद्दीतली असेल, तर हा करार चालत नाही. तिथे ठेक्याची वेगळी पद्धत आहे आणि बहुतेक ठिकाणी ढिवर बांधवांची मच्छीमार संस्था आधीपासून असते. त्यांच्या पोटावर पाय देऊन आपल्याला मासळी करायची नाही.

मोजा

लांबी फुटात, रुंदी फुटात, दोन्हींचा गुणाकार करा आणि १०८९ ने भागा. आले ते गुंठे. ९० फूट लांब आणि ६० फूट रुंद बोडी असेल तर ५४०० भागिले १०८९, म्हणजे जवळजवळ पाच गुंठे. पुढचा सगळा हिशोब मी याच पाच गुंठ्यांचा देते. तुमची अडीच गुंठ्यांची असेल तर सगळं अर्धं धरा.

खोलीही बघा. पावसाळ्यात भरल्यावर पाच-सहा फूट पाणी हवं आणि मार्गशीर्ष-पौषापर्यंत तीन फूट तरी टिकायला हवं. तेवढं टिकत नसेल तर सगळी बोडी खोल करायच्या भानगडीत पडू नका. एका कोपऱ्यात डोह करा, दहा-पंधरा फूट लांब-रुंद आणि बाकीच्या तळापेक्षा तीन फूट खोल. पाणी कमी झालं की मासे तिथे जमतात, उन्हात वाचतात, आणि पकडायलाही सोपे जातात.

इथेच एक गोष्ट सांगून ठेवते, शेवटी लिहिली तर राहून जाईल. घरामागची बोडी म्हणजे रांगत्या-चालत्या लेकरांच्या पायाखालची बोडी. खोल केली की ती आधीपेक्षा जास्त धोक्याची होते. घराच्या बाजूने बांबूचं कुंपण घाला, फाटक वरच्या बाजूने बंद होईल असं करा. एका काठाला पायऱ्यांसारखा सोपा उतार ठेवा म्हणजे पडलेल्याला वर येता येईल. दोरी बांधलेला बांबू काठावर कायम असू द्या. हा खर्च अर्जात लिहा. कोणी विचारलं "मासळीत कुंपण कशाला," तर त्याला माझ्याकडे पाठवा.

उन्हाळ्यातलं काम

पहिली बेशरम. ती नुसती कापली तर पावसात दुप्पट येते, आणि तिचा तुकडा ओल्या मातीत पडला तरी मूळ धरतो. म्हणून जमीन भेगाळायच्या आधी, थोडी ओल असतानाच मुळासकट उपटा. उपटलेली पाळीवर टाकू नका, तिथेच रुजेल. दूर कोरड्या, तापलेल्या जागी पसरा, कडक वाळू द्या, मग जाळा. तिच्या चिकाने हाताला खाज सुटते, जुने मोजे घाला किंवा हाताला पिशव्या बांधा. शेळ्यांना तिचा पाला खाऊ देऊ नका, विषारी असतो. जलपर्णी असेल तर ओढून काढून वाळवा आणि खताच्या खड्ड्यात टाका.

सगळंच हिरवं काढायचं का? नाही. कमळ, पाण्याखालचं देशी गवत एका कोपऱ्यात राहू द्या. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावकडे ढिवर बायांनी गावच्या तलावांतली बेशरम उपटली आणि उलट देशी पाणवनस्पती परत आणून लावल्या, कारण लहान मासोळ्या त्यातच लपतात, त्यातच अंडी घालतात. आपल्या बोडीत तेवढी गरज नाही, पण बोडीचा चौथा-पाचवा हिस्सा तसा ठेवायला हरकत नाही. त्याहून जास्त नको, जाळं अडकतं.

मग पाणी. जे काही उरलं असेल ते उपसून टाका आणि त्याआधी जाळं फिरवा. निघालेली मरळ-मागूर गटात वाटून घ्या किंवा विका, बोहणी तिथेच होते. आता तळ वाळू द्या. किती? चालताना पाय रुतणार नाही आणि भेगांत दोन बोटं जातील इतका. इथे घाई करू नका. मरळ आणि मागूर ओल्या चिखलात खोल दबून राहतात आणि पाऊस पडला की वर येतात. आठ दिवस वाळवून "झालं" म्हणणाऱ्या गटाची मरळ जिवंतच असते.

काही बोड्यांना खालून झरा असतो, त्या आटतच नाहीत. तिथे मोहाच्या बियांची ढेप वापरायची पद्धत आहे. ढेपेतल्या गुणाने मासे मरतात आणि नंतर तिचंच खत होतं. प्रमाण मोठं लागतं. एक मीटर पाण्याला गुंठ्यामागे २५ किलो, म्हणजे पाच गुंठ्यांना सव्वाशे किलो! म्हणून आधी जमेल तितकं पाणी उपसा, उरलेल्या डबक्यापुरतीच ढेप भिजवून टाका. मग तीन आठवडे ना बी सोडायचं, ना जनावरं पाण्यावर न्यायची. माझं मत विचाराल तर बोडी आटत असेल तर ढेपेच्या वाटेला जाऊ नका, ऊन फुकट आहे. आणि फवारणीचं औषध टाकून मासे मारायचं तर कोणी सुचवलं तरी ऐकू नका. तेच पाणी जनावरं पितात, बाजूच्या विहिरीत झिरपतं.

आता गाळ. वरचा काळा, वासाचा थर काढा. पण तळ खरवडून मुरुम लागेपर्यंत जाऊ नका. चार-सहा बोटं जुना गाळ राहिला तर पाणी लवकर हिरवं होतं आणि बोडी पाणी कमी पिते. मुरुमापर्यंत खरवडलेली बोडी चाळणीसारखी गळते, मग कितीही पाऊस पडू दे. काढलेला काळा गाळ परसबागेत, वाफ्यांत, धानाच्या बांधीत न्या. भाजीवाल्या ताया तो स्वतःच्या टोपल्याने नेतील, मजुरी वाचेल.

पाळीत खेकड्यांची आणि उंदरांची बिळं असतात. वरून माती लोटून ती बुजत नाहीत. बीळ खोदून मोकळं करायचं, ओली चिकणमाती थर-थर घालून धुमसाने ठोकायची. पाळीवर मोठं झाड येत असेल तर ते लहानपणीच काढा, मुळं पाळ फोडतात. त्यापेक्षा दुर्वा लावा किंवा तूर. पाणी आत येतं तिथे आणि सांडव्यावर बारीक जाळी बसवा. आतली जाळी नाल्यातल्या मरळीला बाहेर ठेवते, बाहेरची जाळी तुमच्या माशाला आत ठेवते. मोठा पाऊस झाला की जाळीला पालापाचोळा चिकटतो आणि पाणी पाळीवरून वाहतं. म्हणून पावसाच्या रात्री एक फेरी मारायची पाळी गटात लावून घ्या.

चुना, शेण आणि पाण्याचा रंग

कोरड्या तळावर चुन्याची भुकटी पसरायची. गुंठ्याला दोन ते अडीच किलो, म्हणजे आपल्या पाच गुंठ्यांना बारा किलो पुरे. चुना तळातला आंबटपणा मारतो, रोगजंतू मारतो आणि सडवा लवकर कुजवतो. नाका-तोंडाला पदर घट्ट बांधा, वाऱ्याकडे पाठ करा, ओल्या हाताने चुना धरू नका, लेकरांना त्या दिवशी तिकडे फिरकू देऊ नका.

आठवड्याने शेण. गुंठ्याला २० ते २५ किलो, आपल्या बोडीला साधारण आठ-दहा घमेली. मोहाची ढेप वापरली असेल तर निम्मंच. शेण कशासाठी? मासा शेण खातो म्हणून नव्हे. शेणामुळे पाण्यात डोळ्यांना दिसणार नाहीत असे बारीक जीव आणि हिरवं शेवाळ तयार होतं, ते माशाचं पहिलं अन्न. वरणाआधी जशी डाळ शिजायला ठेवतो, तसं हे बोडीचं आधण आहे.

पाऊस आला, बोडी भरत आली, पंधरा दिवसांत पाण्याला फिकट हिरवा रंग चढतो. तो बरोबर आहे की नाही हे बघायला यंत्र नको, हात पुरे. काठाशी वाकून हात सरळ पाण्यात घाला. कोपर बुडेपर्यंत तळवा अंधुक होत नाहीसा झाला, तर पाणी तयार. कोपर बुडूनही बोटं स्वच्छ दिसत असतील तर अजून थोडं शेण लागेल. मनगट बुडताच तळवा दिसेनासा झाला आणि पाणी गर्द हिरवं असेल, तर शेण जास्त झालं, थांबा. (गढूळ पाण्यात ही परीक्षा चालत नाही. माती खाली बसू द्या, मग हात घाला.)

पुढे दर पंधरा दिवसांनी दोन घमेली शेण, पाण्यात कालवून काठाने सोडायचं. पण दर वेळी आधी हात, मग घमेलं.

आता बी

मासळीच्या बियाच्या पायऱ्या असतात : आधी जिरे, मग बारीक बी, मग अर्धबोटुकली, मग बोटुकली. बोटुकली म्हणजे खरंच बोटाएवढी, तीन ते चार इंच. जिरे स्वस्त, बोटुकली महाग. आपल्याला बोटुकलीच घ्यायची, कारण तिला दाडक खाऊ शकत नाही, बेडूक खाऊ शकत नाही. कितीही वाळवलं तरी एखादी मरळ येतेच, पण तीही सगळी बोटुकली संपवू शकत नाही. बोटुकली मिळाली नाही तर अर्धबोटुकली आणून बोडीतच बांबूला मच्छरदाणीच्या जाळीचा चौकोनी पिंजरा बांधा, महिनाभर त्यात वाढवा आणि मग मोकळी सोडा.

किती? गुंठ्याला ५०. पाच गुंठ्यांना २५०. हे ऐकून बाया नाराज होतात, "एवढीशी?" म्हणतात. आम्ही दोन हजार सोडली होती, आमचं काय झालं ते वर वाचलंत. एका ताटात चार जेवले तर पोट भरतं, चाळीस जेवले तर कोणाचंच नाही.

त्यात १०० कतला, ७५ रोहू, ७५ मृगळ. कतला वरच्या पाण्यातलं खातो, रोहू मधल्या, मृगळ तळातलं. एकाच बोडीत तीन चुली पेटतात, कोणी कोणाच्या ताटात हात घालत नाही. सायप्रिनस स्वस्त मिळतो, पण तो चिखल उकरतो, पाळही उकरतो. आपल्या मातीच्या पाळीला तो नको, असं मला वाटतं. आणि थाई मागूर कोणी द्यायला आला तर घेऊ नका. तो पाळायला आपल्या देशात बंदी आहे, सुटला तर आपले देशी मासे संपवतो.

एक प्रश्न दर वेळी येतो : एकदा सोडले की दरवर्षी आपोआप नाही का होणार? नाही. रोहू, कतला, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी देत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. बी दरवर्षी घ्यावंच लागतं, म्हणजे दरवर्षी त्याचे पैसे बाजूला ठेवावे लागतात. दाडक मात्र आपोआप होतो. तो राहू द्या. काट्यासकट खाल्ला जाणारा मासा आहे, लेकरांच्या हाडांना चांगला, आणि शेजारच्या म्हातारीला गळ टाकून दोन मिळाले तर तिच्याही ताटात पडतात. बोडी आपण दुरुस्त केली म्हणून तिचा गळ बंद करू नये.

बियाची पिशवी आणली की एकदम ओतू नका. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं बोडीच्या पाण्यावर तरंगू द्या, मग तोंड सोडून बोडीचं पाणी थोडं थोडं आत घ्या, मग पिशवी आडवी करा. बोटुकली आपणहून बाहेर निघते. सकाळची किंवा संध्याकाळची वेळ बघा, दुपारची नको.

वाढ होत असताना

खाद्य सोपं आहे. गिरणीचा धानाचा कोंडा आणि जवसाची किंवा शेंगदाण्याची ढेप समसमान. भोकं पाडलेल्या गोणीत भरून बांबूला अर्धी बुडेल अशी टांगा, मासे चोखून खातात, वाया जात नाही. सुरुवातीला रोज पाव किलो, मासा पाव-अर्ध्या किलोचा झाला की रोज एक किलो. दुसऱ्या दिवशी गोणीत उरलं असेल तर कमी करा.

श्रावणात दोन-तीन दिवस झड लागली आणि पहाटे मासे तोंड वर काढून भुकभुक करताना दिसले, तर त्यांना भूक लागलेली नाही, ते गुदमरत आहेत. आपली एक ताई त्या दिवशी जास्त खाद्य टाकून बसली होती! खाद्य-शेण लगेच बंद. मोटर असेल तर बोडीचंच पाणी उचलून उंचावरून परत बोडीत पाडा, नाहीतर चौघीजणी बादल्यांनी पाणी उचलून आपटा, आत जाऊन पाणी ढवळा. ऊन येईपर्यंत हे करावं लागतं.

सगळ्यात मोठी भीती चोराची नाही, फवारणीची आहे. बोडी धानाच्या बांधीला लागून असते, आणि फवारणी झालेल्या बांधीचं पाणी बोडीत उतरलं की एका रात्रीत सगळे मासे पाठीवर येतात. बाजूच्या शेतकऱ्याला हात जोडून आधीच सांगून ठेवा. फवारणीच्या आठवड्यात बांधीकडून येणारं तोंड मातीने बंद करा. फवारणीचा पंप बोडीत कोणी धुणार नाही, हेही त्याच वेळी बोला. चोरासाठी आणि पाणकावळ्यासाठी बाभळीच्या काटेरी फांद्या पाण्यात ठिकठिकाणी टाका. रात्री कोणी जाळं टाकलं तर ते फाटतं.

हाती काय येईल

नीट तयार केलेल्या बोडीत २५० पैकी १५० मासे हाती लागले आणि सात-आठ महिन्यांत एकेक ४०० ते ५०० ग्रॅमचा झाला, तर ६० ते ७५ किलो मासळी होते. किलोला १५० रुपये भाव धरला तर नऊ ते अकरा हजार. यातून बी, खाद्य, चुना, मालकाचा वाटा आणि जाळ्याचा वाटा वजा करा. पहिल्या वर्षी बेशरमीची आणि गाळाची मजुरीही वजा होते, त्यामुळे हातात फार उरत नाही, हे मी स्पष्ट लिहिते. दुसऱ्या वर्षी ती मजुरी लागत नाही, तेव्हा फरक कळतो. दहा जणींच्या गटाचं पोट एका बोडीवर भरत नाही. पण घरात मासळी येते, हप्ता निघतो आणि बोडीत पाणी राहिलं की विहिरीलाही राहतं.

जाळं विकत घेऊ नका, अर्जातली ती ओळ खोडा. वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तूवर कर्ज कशाला? गावातल्या ढिवर भावांना बोलवा, वाटा आधी ठरवा. त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या बायांशी बोला. तुमच्या बोडीत कोणता मासा टिकेल हे त्या पाणी बघून सांगतात. सगळा मासा एकाच दिवशी काढू नका. पौषापासून मोठे मोठे काढा, लहान सोडा, आणि होळीच्या बाजाराला उरलेले न्या. तोवर पाणीही खाली गेलेलं असतं.

अनुदानाचं विचाराल तर मत्स्यव्यवसायाच्या योजनांत महिलांना सवलत जास्त आहे, आणि किसान क्रेडिट कार्ड आता मासळीसाठीही मिळतं. आपल्या प्रभागाच्या ताईंकडून अर्ज समजून घ्या. पण अनुदान येईल या भरवशावर चुना उधार आणू नका.

ज्या तीन गटांचे अर्ज आले आहेत त्यांनी ते परत न्यावेत आणि पुढच्या बैठकीला येताना सोबत चार गोष्टी आणाव्यात : सातबारा, बोडीची लांबी-रुंदी, आत्ता किती पाणी आहे त्याचं माप आणि काठी खुपसल्यावर काय वास आला ते. अर्ज आपण तिथेच बसून नव्याने भरू.